भुकेल्याचें गाणें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील एक तरुण गृहस्थ एक जुनी वही घेऊन आमच्याकडे आले. वहींत त्यांनीं स्वतः रचलेलीं तीसेक भजनें होतीं. शहरांतील एका गायनमंडळीच्या चालकांनीं त्यांतील आठ भजनें रोख पैसे देऊन घेण्याची तयारी दाखविली होती. अट एवढीच कीं, कर्ता म्हणून घेणाराचें नांव लागावें, आणि रचणारानें पुढें कोणताहि हक्क सांगूं नये. घरीं बायको आजारी, दवाखान्याचें देणें अंगावर. त्यांनीं विचारलें, "पाळकसाहेब, विकूं का?" आम्हीं फारसा विचार न करितां सांगितलें कीं, देवाचीं गाणीं कोणाच्याहि नांवानें गाइलीं गेलीं तरी स्तुति देवाचीच होते, पैसे घ्या आणि औषध आणा. ते वही काखेंत धरून निघून गेले. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. आमचें उत्तर भक्तीचें दिसत होतें खरें, परंतु तें देतांना आमच्या पदरचें कांहींच गेलें नव्हतें. जें जावयाचें तें त्या गृहस्थांचें जाणार होतें.

जागेपणीं मनांत आल्या त्या अमेरिकेंतील कांहीं गीतकारांच्या गोष्टी. त्या वाचकांपुढें ठेवितों, कारण त्यांनींच आमचें उत्तर आम्हांस फिरवावयास लाविलें.

अमेरिकेंत ज्याला कंट्री संगीत म्हणतात तें मूळचें खेड्यांतील गाणें होय. दक्षिणेकडील ॲपालाचियन डोंगरांत स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंड येथून गेलेल्या गरीब लोकांनीं आपलीं जुनीं कथागीतें व भजनें बरोबर नेलीं. आफ्रिकेंतून गुलाम करून नेलेल्या लोकांनीं बँजो हें वाद्य व पुष्कळसे सूर दिले. शेत, आगगाडी, तुरुंग, दारू, आई, मरण आणि प्रार्थनामंदिर हे त्या गाण्यांचे विषय. ऐकणारे बहुधा कष्टकरी, आणि रचणारेहि बहुधा गरिबाघरचेच. म्हणूनच त्यांच्या चरित्रांत हा विकण्याचा प्रश्न वारंवार उभा राहतो.

विली नेल्सन यांचा जन्म १९३३ सालीं टेक्सस प्रांतांतील ॲबट या लहानशा गांवीं झाला. त्यांना व त्यांच्या बहिणीला आजाआजींनीं वाढविलें. लहानपणीं त्यांनीं कापूस वेंचला. मोठेपणीं पोट भरण्यासाठीं जे अनेक उद्योग केले त्यांत घरोघर जाऊन बायबलें विकणें हाहि एक होता. एकोणीसशें पन्नासनंतरच्या दशकाच्या शेवटीं ते बायकामुलांसह ह्यूस्टन शहराजवळ राहावयास आले, तेव्हां हातांत गाण्यांशिवाय दुसरें भांडवल नव्हतें. आजी बायबल वाचीत व भजनें म्हणत, त्या आठवणीवर त्यांनीं 'फॅमिली बायबल' नांवाचें गाणें रचलें होतें. तें त्यांनीं पन्नास डॉलरला विकून टाकलें. १९६० सालीं क्लॉड ग्रे या गायकाच्या आवाजांत तें गाजलें. कर्त्याच्या जागीं नेल्सन यांचें नांव नव्हतें. 'नाइट लाइफ' हें दुसरें गाणें असेंच दीडशें डॉलरला गेलें, आणि पुढें तें किती गायकांनीं गाइलें याची मोजदाद करणें कठीण.

या पन्नास डॉलरांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या देशांत १९०९ सालच्या कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, तबकडीवर उतरलेल्या प्रत्येक गाण्यामागें, प्रत्येक प्रतीस दोन सेंट, म्हणजे डॉलरचा पन्नासावा हिस्सा, गाण्याच्या मालकाला मिळावा. हा दर १९७७ अखेरपर्यंत तसाच राहिला. रूढीप्रमाणें त्यांतील एक सेंट प्रकाशकाचा व एक रचणाराचा. शिवाय नभोवाणीवर गाणें वाजलें कीं रचणाराला व प्रकाशकाला वेगळी रक्कम मिळे. तेव्हां पन्नास डॉलर म्हणजे केवळ अडीच हजार प्रतींचे दोन दोन सेंट. देशभर गाजलेलें गाणें अडीच हजारांवर थांबत नाहीं, हें घेणाराला ठाऊक असतें. देणारालाहि ठाऊक असतें. परंतु घरभाडें आज द्यावयाचें असतें आणि ते सेंट पुढल्या वर्षीं यावयाचे असतात. ज्यांनीं उभें पीक सावकाराला लिहून दिलेलें पाहिलें आहे त्यांना हें अधिक फोडून सांगावयास नको.

कोणी म्हणेल, हा तर एसाव झाला. एका जेवणासाठीं ज्येष्ठपणाचा हक्क देऊन बसला. आमच्याहि मनांत प्रथम तेंच आलें. पण एसावाची भूक एका संध्याकाळची होती, आणि ती त्याच्या एकट्याची होती. लेंकरांच्या भुकेसाठीं जो आपली वस्तु विकतो त्याला एसाव म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. स्वतः नेल्सन यांनीं त्या विक्रीबद्दल घेणारांना कधीं शिव्याशाप दिले नाहींत. त्या वेळीं पैशाची गरज होती, आणि आपलें गाणें विकत घेण्यासारखें आहे हें कळल्यानें धीर आला, अशाच अर्थाचें ते बोलत आले. घेणारांतील पॉल बस्कर्क हे तर त्यांचे स्नेही. त्यांनीं आपल्या गिटार शिकविण्याच्या शाळेंत नेल्सन यांना काम दिलें होतें. स्नेहानेंच घेतलें, राजीखुशीनें दिलें. मग दोष कोठें आहे?

दोष कोठें आहे हें त्याच माणसाच्या चरित्रांतील दुसऱ्या दोन प्रसंगांवरून आम्हांस दिसूं लागलें.

ह्यूस्टन येथें लॅरी बटलर नांवाचे एक वाद्यवृंदाचे चालक होते. नेल्सन त्यांच्याकडे गेले आणि आपलीं गाणीं दहा दहा डॉलरला घ्या म्हणून विनवूं लागले. बटलर यांनीं गाणीं ऐकलीं आणि घेण्याचें नाकारलें. गाणीं वाईट होतीं म्हणून नव्हे. इतक्या चांगल्या वस्तु इतक्या स्वस्त देऊं नयेत म्हणून. त्याऐवजीं त्यांनीं पन्नास डॉलर उसने दिले व आपल्या वृंदांत आठवड्यांतून सहा रात्रींचें काम दिलें. रक्कम पाहा! 'फॅमिली बायबल' जितक्याला गेलें तितकीच. एका ठिकाणीं पन्नास डॉलर आले आणि गाणें गेलें. दुसऱ्या ठिकाणीं पन्नास डॉलर आले आणि गाणें राहिलें.

दुसरा प्रसंग याहून मोठा. १९६० सालीं नेल्सन नॅशव्हिल शहरीं गेले, कारण कंट्री गाण्यांचा सारा बाजार तेथें. तेथें फेरॉन यंग या नामांकित गायकानें त्यांचें 'हॅलो वॉल्स' हें गाणें गावयास घेतलें. तें बाहेर पडण्याआधींच नेल्सन यांची तंगी इतकी वाढली कीं, त्यांनीं तें गाणें यंग यांनाच पांचशें डॉलरला विकावयास काढलें. यंग यांनीं विकत घेतलें असतें तर कोणीहि त्यांना नांवें ठेविलीं नसतीं. गाणार तेच, प्रसिद्धि त्यांचीच, धोकाहि थोडा. कायदा व वहिवाट दोन्ही त्यांच्या बाजूस होत्या. पण त्यांनीं सांगितलें कीं, हें गाणें विकूं नका, थोडें थांबा. आणि पांचशें डॉलर उसने दिले. १९६१ सालीं तें गाणें कंट्री गाण्यांच्या यादींत पहिलें आलें व नऊ आठवडे तेथेंच राहिलें. पहिली हजारों डॉलरांची रक्कम हातांत पडतांच नेल्सन यांनीं यंग यांना गांठलें आणि भर लोकांत त्यांचें चुंबन घेतलें, अशी गोष्ट नॅशव्हिलांत सांगत. यंग हे कांहीं साधुपुरुष नव्हते. त्यांचा दारूचा नाद व तापट स्वभाव सर्वांस माहीत होता. देव कोणाच्या हातून काय करवील याचा नेम नाहीं.

आतां असा एक प्रसंग सांगतों कीं, ज्यांत नकार घेणारानें न देतां रचणारानें दिला.

डॉली पार्टनबाई १९४६ सालीं टेनेसी प्रांतांतील सेव्हियर परगण्यांत एका खोलीच्या घरांत जन्मल्या. बारा भावंडांतील चौथ्या. त्यांचें बाळंतपण रॉबर्ट टॉमस नांवाच्या मेथडिस्ट मिशनरी डॉक्टरांनीं केलें, आणि बापानें त्यांना फी म्हणून मक्याच्या पिठाची एक पिशवी दिली. आमच्या वाचकांना ही फी परकी वाटणार नाहीं. मिशनच्या किती दवाखान्यांत कोंबड्या आणि अंडीं जमा झालीं असतील! बाप दुसऱ्याच्या जमिनींत वांट्यानें तंबाखू पिकवीत असे. त्याला वाचतां येत नव्हतें. आईचे वडील उपदेशक होते. आईनें चिंध्या जोडून मुलीला अंगरखा शिवला व शिवतांना योसेफाच्या पायघोळ झग्याची गोष्ट सांगितली. शाळेंत मुलें त्या अंगरख्याला हसलीं. यावर बाईंनीं पुढें 'कोट ऑफ मेनी कलर्स' हें गाणें रचलें. त्याचे शब्द त्यांनीं प्रवासांत कपड्यांच्या धुलाईच्या पावतीवर उतरून घेतले होते. कागद दुसरा जवळ नव्हता. १९६४ सालीं शाळेची शेवटली परीक्षा होतांच दुसऱ्या दिवशीं त्या नॅशव्हिलला गेल्या. मामा बिल ओवेन्स पहिल्यापासून पाठीशीं होते. त्यांच्याबरोबर बाईंनीं स्वतःची लहानशी प्रकाशनसंस्था काढली, म्हणून गाणीं घरांतच राहिलीं.

१९६७ पासून पॉर्टर वॅगनर या प्रसिद्ध गायकाच्या मंडळींत त्या गात. सात वर्षांनीं तेथून निघतांना भांडण न करितां निरोप कसा घ्यावा या विवंचनेंत त्यांनीं एक गाणें रचलें, 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. (भांडण टळलें नाहींच. १९७९ सालीं वॅगनर यांनीं त्यांच्यावर तीस लाख डॉलरचा दावा लाविला व तो आपसांत मिटला.) १९७४ सालीं तें गाणें कंट्रीच्या यादींत पहिलें आलें. तेव्हां एल्विस प्रेस्ली यांनीं तें गाण्याची इच्छा दर्शविली. त्या काळीं त्या देशांत प्रेस्ली यांच्याएवढा नांवाजलेला गायक नव्हता. बाईंना आनंद झाला. परंतु ध्वनिमुद्रणाच्या अगदीं आधीं प्रेस्ली यांचे कारभारी कर्नल टॉम पार्कर यांनीं कळविलें कीं, गाण्याच्या प्रकाशनाच्या हक्काचा अर्धा वांटा आम्हांला मिळाल्याखेरीज आमचे गायक कांहीं गात नाहींत. हे कर्नल लढाईवर गेलेले नव्हते. १९४८ सालीं लुइझियानाचे गव्हर्नर जिमी डेव्हिस यांनीं त्यांना ती मानाची पदवी दिली होती. आणि गंमत अशी कीं, खुद्द डेव्हिस यांचें नांव ज्या प्रसिद्ध गाण्यावर आहे, 'यू आर माय सनशाइन', तें मूळ कोणीं रचलें याविषयीं वाद आहे, कारण त्याचे हक्क विकत घेतलेले होते.

प्रकाशकाचा वांटा दर प्रतीस एक सेंट. त्याचा अर्धा म्हणजे अर्धा सेंट. अर्ध्या सेंटासाठीं एवढ्या मोठ्या गायकाला नाहीं म्हणणें वेडेपणाचें आहे, असें बाईंना पुष्कळांनीं सांगितलें. प्रेस्ली यांच्या आवाजांत इतक्या प्रती खपल्या असत्या कीं, अर्धा वांटा देऊनहि पूर्वींपेक्षां अधिकच हातीं पडलें असतें. बाई रात्रभर रडल्या आणि सकाळीं नाहीं म्हणाल्या. पुढें त्यांनीं कारण सांगितलें कीं, हीं गाणीं माझ्या घरच्या माणसांसाठीं मागें ठेवावयाचीं आहेत. प्रेस्ली १९७७ सालीं वारले. त्यांनीं तें गाणें ध्वनिमुद्रित केलें नाहीं. १९९२ सालीं व्हिटनी ह्यूस्टनबाईंनीं तेंच गाणें एका बोलपटासाठीं गाइलें, तें चौदा आठवडे अमेरिकेंत पहिल्या जागीं राहिलें व जगभर पसरलें. हक्क सारा पार्टनबाईंकडेच होता.

हें वाचून नाबोथाची आठवण कोणाला होणार नाहीं? अहाबानें कांहीं लूट मागितली नव्हती; रास्त किंमत किंवा याहून चांगला मळा देऊं केला होता. तरी नाबोथानें वाडवडिलांचें वतन देण्याचें नाकारलें, आणि शास्त्र त्याला लोभी म्हणत नाहीं. आपली वस्तु घट्ट धरून बसणारा प्रत्येक मनुष्य कृपण असतो ही आमच्या लोकांत रुजलेली समजूत चुकीची आहे. कधीं कधीं धरून ठेवणें हें मागून येणारांचें ऋण असतें. आमच्या तरुण गृहस्थांना आम्हीं जें सांगितलें त्यांत हा विचार मुळींच नव्हता.

परंतु पार्टनबाईंच्या नकाराची वाखाणणी करून थांबलों तर आम्ही पुन्हां एक सोपें उत्तर देऊं. १९७४ सालीं बाईंच्या घरीं चूल पेटत होती. गाणें आधींच गाजलेलें, हातांत स्वतःची संस्था, पाठीशीं मामा. त्या रडल्या, पण उपाशी राहिल्या नाहींत. ज्याच्या घरीं भाकर आहे त्याचा नकार त्यानें स्वतः द्यावा. त्याला तें शक्य आहे. ज्याच्या घरीं भाकर नाहीं त्याला 'नाबोथ हो' म्हणून उपदेश करणें ही क्रूरता आहे. त्याचा नकार दुसऱ्या कोणीतरी दिला पाहिजे, आणि तो तोंडानें देऊन चालत नाहीं; खिशांतून द्यावा लागतो. यंग व बटलर यांनीं तो तसा दिला. बस्कर्क यांनीं काम दिलें, पैसे दिले, पण गाणेंहि घेतलें. त्यांना आम्ही पापी म्हणत नाहीं. बाजाराच्या रीतीनें ते चांगलेच वागले. इतकेंच म्हणतों कीं, पन्नास डॉलर खर्चण्याची याहून चांगली रीत होती, आणि ती त्याच शहरांत, त्याच माणसाच्या बाबतींत, दुसऱ्या एकाला सुचली.

येथें एक आक्षेप आहे व तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. गाणें खरोखर एकट्याचें असतें काय? १९२७ सालीं रॅल्फ पीअर नांवाचे गृहस्थ टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल शहरीं ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन आले, तेव्हां डोंगरांतून ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सेरा व भावजय मेबेल हीं तिघें गावयास उतरलीं. पुढें गाणीं कमी पडूं लागलीं म्हणून कार्टर खेडोपाडीं फिरून म्हाताऱ्यांकडून जुनीं गाणीं गोळा करूं लागले. बरोबर लेस्ली रिडल नांवाचे एक काळे गिटारवादक असत; सिमेंटच्या कारखान्यांतील अपघातांत त्यांचा एक पाय गेला होता. कार्टर शब्द उतरून घेत, रिडल चाल ध्यानांत ठेवीत. जीं गाणीं अशीं जमलीं त्यांतील पुष्कळांवर कर्ता म्हणून नांव लागलें तें कार्टर यांचें. कायद्याला कोणाचें तरी नांव हवें असतें, आणि आज्यापणज्यांचीं नांवें त्याला चालत नाहींत. कार्टर स्वतः गरीब होते, त्यांनीं पायपीट केली, त्यांच्यावांचून तीं गाणीं लोपलीं असतीं हेंहि खरें. तरी रिडल यांच्या स्मरणशक्तीचें मोल कोणीं द्यावयाचें?

पार्टनबाईंच्याहि गाण्यांत आईनें गाइलेल्या जुन्या कथागीतांचे सूर आहेत. म्हणून 'हें माझें' असें म्हणणाराला 'मला हें कोठून मिळालें' हा प्रश्न सुटत नाहीं. बाईंनीं डॉक्टर टॉमस यांच्यावर १९७३ सालीं एक गाणें केलें. मक्याच्या पिठाच्या पिशवीनें फी पुरी झाली असें त्यांना वाटलें नसावें. १९९५ सालीं त्यांनीं आपल्या परगण्यांत जन्मापासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांना दरमहा एक पुस्तक टपालानें फुकट पाठविण्याचें काम सुरू केलें. निरक्षर बाप हें त्याचें कारण, असें त्या सांगत. २०२३ पर्यंत वीस कोटींहून अधिक पुस्तकें गेलीं. कोणी याला दान म्हणतील. आम्हांस तें देण्यापेक्षां फेडण्यासारखें दिसतें, आणि जो हक्क धरून ठेवितो त्याच्याच हातीं फेडावयास कांहीं उरतें.

असो. सकाळीं पहिल्या मोटारीनें आम्ही त्या गृहस्थांच्या गांवीं गेलों आणि आमचें कालचें उत्तर मागें घेतलें. ते गोठ्यांत होते. ते म्हणाले, "पाळकसाहेब, तीन गेलीं." शहराहून मनुष्य आदल्या संध्याकाळींच येऊन पैसे देऊन गेला होता, राहिलेल्या पांचांचा कागद रविवारीं व्हावयाचा होता. आम्ही मंडळींतील तिघांकडे गेलों. एक वडीलजन, एक शिक्षक व एक शिवणकाम करणारी विधवा बाई यांनीं मिळून, आणि कांहीं आम्हीं घालून, दवाखान्याचें देणें भागेल इतकी रक्कम उसनी दिली. विधवा बाईंनीं किती दिले तें येथें सांगत नाहीं, कारण त्यांनीं सांगूं नका म्हटलें आहे. पांच भजनें वहींत राहिलीं. फेड दरमहा थोडी थोडी होत आहे.

गेलेल्या तिहींपैकीं एक भजन मागल्या रविवारीं आमच्याच उपासनेंत निघालें. तरुणांनीं तें छापील पत्रकावरून शिकून घेतलें होतें, आणि पत्रकावर शहरांतील चालकांचें नांव होतें. ते गृहस्थ तिसऱ्या बांकावर बायकोशेजारीं बसले होते. पत्रक न पाहतां ते इतरांबरोबर गात होते.